बीटी बो : आवडलेली आणि अपुरी वाटलेली कादंबरी

(डार्विनमधल्या मराठी कुटुंबांच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, छपाईसाठी थोडं आवरून)



ज्या काकूंच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी कोरडा हंगाम सुरू झाला की इथे जमतो, त्यांचा एक शिरस्ता होता. पुस्तक कितीही आवडलेलं असो, त्यातलं काय खटकलं तेही त्या त्याच बैठकीत सांगत. भिडेखातर वाखाणणं त्यांना जमत नसे. त्यांच्या शिरस्त्याला धरून आज मी एका कादंबरीबद्दल बोलणार आहे.

कादंबरी आहे रूथ पार्क यांची ‘प्लेइंग बीटी बो’. ती १९८० साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला चिल्ड्रन्स बुक कौन्सिल ऑफ ऑस्ट्रेलियाचा पुरस्कार मिळाला, १९८२ मध्ये अमेरिकेतला बोस्टन ग्लोब–हॉर्न बुक पुरस्कार मिळाला आणि १९८६ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. इथल्या शाळांतून शिकलेल्या पुष्कळांनी ती वाचलेली असते. आपल्यापैकी ज्यांची मुलं इथे वाढली, त्यांच्या घरीही एखादी प्रत असेल. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली, इतिहास आणि अद्भुत यांची सांगड घालणारी ही कादंबरी मला मनापासून आवडते. आणि तिच्यात एक फार मोठी जागा रिकामी राहिली आहे, असंही मला तितक्याच ठामपणे वाटतं. ही दोन्ही मतं एकमेकांना खोडत नाहीत. ती तशी का नांदतात, हेच मला मांडायचं आहे.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. सिडनी बंदराला लागून ‘द रॉक्स’ नावाचा जुना भाग आहे. तिथल्या एका उंच इमारतीत चौदा वर्षांची अ‍ॅबिगेल आईबरोबर राहते. वडील दुसऱ्या बाईसाठी घर सोडून गेले, तेव्हापासून ती आतून घट्ट मिटलेली आहे. वडिलांनी आवडीनं हाक मारलेलं नावसुद्धा तिनं टाकून दिलंय. आता ते परत येऊ म्हणतायत आणि आई हो म्हणायच्या बेतात आहे, म्हणून ती संतापलेली आहे. खाली अंगणात मुलं भुताचा एक खेळ खेळतात, त्या खेळाचं नाव ‘बीटी बो’. खेळ बघत उभी राहणारी, विचित्र कपड्यांतली एक मुलगी अ‍ॅबिगेलला दिसते. ती तिच्या मागे गल्लीबोळांतून धावत जाते आणि थेट १८७३ सालात पोचते. अ‍ॅबिगेलच्या ड्रेसला आईच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातली क्रोशाची पट्टी लावलेली असते; ती पट्टी पुढे त्या मुलीच्या, म्हणजे बीटी बोच्या, आजीच्याच हातची निघते. त्या काळातल्या बो कुटुंबात अ‍ॅबिगेल अडकून पडते. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भविष्य दिसण्याची एक देणगी चालत आलेली आहे. ती टिकवायला कुणी परका येईल असं भाकीत असतं, आणि तो परका म्हणजे अ‍ॅबिगेलच, असं आजीच्या मनानं घेतलेलं असतं.

आधी आवडलेलं सांगते, कारण ते खूप आहे.

अ‍ॅबिगेल भूतकाळात शिरते ती पाय दुखावून घेऊन. तिला पलंगावर पडून राहावं लागतं. या एका क्लृप्तीनं पार्कबाईंनी किती साधलंय! नायिका हिंडूफिरू शकत नाही, त्यामुळे तिला लढाई दिसत नाही, राज्यपाल दिसत नाही, मिरवणूक दिसत नाही. तिला घर दिसतं. मिठाईच्या दुकानावरची खोली, दिव्यांचा धूर, अंगावर ओझं होणारे कपडे, गटारांचा दर्प, आणि आजारी माणसाचं हगणंमुतणं निमूट काढणाऱ्या बायका. गेल्या तापात या घरातली आई गेलेली आहे. बीटीचा लहानगा भाऊ गिबी त्या दुखण्यातून अजून उठलेला नाही, आणि तो जगेल असं कुणी धरून चाललेलं नाही. बाप सॅम्युअल क्रिमियाच्या युद्धात डोक्याला जखम घेऊन आलाय, अधूनमधून त्याला झटका येतो आणि तो हाती लागेल ते शस्त्र घेऊन धावतो. आजी टॅलिस्कर आणि तिची लंगडत चालणारी नात डव्ही या दोघींच्या कष्टांवर घर तरलेलं आहे. अ‍ॅबिगेलला सुरुवातीला या सगळ्याची किळस येते. मग हळूहळू ती त्यांची होते. हा बदल लेखिकेनं घाई न करता, रोजच्या छोट्या कामांतून घडवलाय. आईनं वडिलांना पुन्हा घरात घ्यावं की नाही, या प्रश्नाकडे अ‍ॅबिगेल शेवटी ज्या नजरेनं बघते, ती नजर तिला या घरातल्या बायकांनी दिलेली आहे.

पार्कबाईंना हे जमलं, कारण गरिबी त्यांनी जवळून पाहिलेली होती. जन्म न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा, १९१७ सालचा. १९४२ मध्ये त्या सिडनीला आल्या, लेखक डार्सी नायलंड यांच्याशी लग्न केलं आणि सरी हिल्सच्या तेव्हाच्या दाटीवाटीच्या गरीब वस्तीत राहिल्या. त्या अनुभवातून ‘द हार्प इन द साउथ’ ही १९४८ ची कादंबरी आली. १९७३ मध्ये त्यांनी सिडनीचं एक वाटाड्या-पुस्तक लिहिलं. त्यासाठी हे शहर त्यांनी पायाखाली घातलं होतं. ‘बीटी बो’मधल्या गल्ल्या म्हणूनच खऱ्या वाटतात. कुठली पायरी कुठे उतरते, हे लेखिकेला ठाऊक आहे.

आता आपल्याकडे पाहा. मराठी कुमारवाचकाला इतिहास आणि अद्भुत एकत्र मिळालं ते फार आधी. नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ ची. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. शिकारीला गेले असताना सिंहगडाच्या कड्यावरून पडून ते कायमचे जायबंदी झाले, आणि त्यानंतर त्यांनी कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या लिहिल्या. ‘वीरधवल’ला रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबरीचा आधार होता, तरी मराठी घरांनी ती आपली मानली; पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ती चोरून, रात्र जागून वाचली. तलवारी, भुयारं, हरवलेला वारस, राज्याचा हक्क. माझ्या आजोळी तिची मुखपृष्ठ निखळलेली प्रत होती आणि मामा लोक तिच्यासाठी भांडत.

आणि मग जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात जागे होतात, जिथे पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत, कारण विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून गेली. एका गोळीची दिशा बदलली तर पुढचं सगळं कसं बदलेल, हे नारळीकरांनी वैज्ञानिकाच्या शिस्तीनं मांडलंय, आणि बखरीचं एक पान पुरावा म्हणून पंतांच्या खिशात ठेवलंय. ही कथा मला अतिशय प्रिय आहे. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले तेव्हा मी ती पुन्हा काढून वाचली.

पण या दोन्हींत इतिहास म्हणजे रणांगण आणि सिंहासन. आमच्या मुलामुलींना आम्ही भूतकाळात नेतो ते महादरवाजातून, नगारे वाजत असताना. पानिपतावर जे लाखभर लोक गेले त्यांत बाजारबुणगे होते, यात्रेकरू होते, बायका होत्या. त्यांच्यासाठी भाकरी कुणी भाजल्या, उपासमारीच्या त्या शेवटच्या आठवड्यांत बाळंतपणं कुणी केली, हे विचारणारी कुमारकादंबरी मला मराठीत आठवत नाही. एखादी गिरगावातली मुलगी पुनर्विकासानं उभ्या राहिलेल्या टॉवरमधून उतरते आणि त्याच जागच्या चाळीत, प्लेगच्या साली जाऊन पडते, अशी कादंबरी का असू नये? मुंबईत प्लेग १८९६ मध्ये आला, १९०० मध्ये तो सिडनीला पोचला आणि रॉक्समधल्या घरांवर सरकारनं हातोडे चालवले. तिथल्या गल्ल्यांची कथा लिहिली गेली. आमच्या चाळींची मुलांसाठी तशी लिहायची राहिली. पार्कबाईंनी भूतकाळात मागच्या दारानं, मोरीच्या बाजूनं प्रवेश केला, ही त्यांची फार मोठी कामगिरी आहे आणि ती मराठी लेखकांनी अभ्यासावी अशी आहे.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्यांना विशेष भिडते. बो आणि टॅलिस्कर ही माणसं मूळची ऑर्कनी बेटांवरची. सिडनीत राहून त्यांची बोली तिकडची, म्हणी तिकडच्या. भविष्य दिसण्याची ती देणगीसुद्धा त्यांच्याबरोबर गलबतातून आलेली. आपल्या घरांत कुलदैवताचा टाक ज्या रीतीनं विमानानं आला, त्याच रीतीनं. आजीच्या पिढीला ती देणगी हा मानाचा वारसा वाटतो. बीटीला मात्र ती नको आहे. तिला लॅटिन शिकायचंय, ग्रीक शिकायचंय, मुलग्यांना जे शिकवतात ते सगळं हवंय. परदेशात वाढणाऱ्या मुलानं घरातून आलेलं काय ठेवावं आणि काय सोडावं, हा प्रश्न या अकरा वर्षांच्या पोरीत पार्कबाईंनी जिवंत केलाय. बीटी रागीट आहे, हट्टी आहे, तोंडाळ आहे. इतकी खरी मुलगी कुमारसाहित्यात क्वचित भेटते.

आता खटकलेलं.

कादंबरीतल्या १८७३ सालाच्या आसपास आपलं हे गाव कसं होतं, ते आठवून पाहा. जॉर्ज गॉयडरनं १८६९ मध्ये मोजणी करून रस्ते आखले होते. गावाचं नाव तेव्हा पामर्स्टन होतं. १८७२ च्या ऑगस्टमध्ये खंडाच्या दक्षिणेकडून आलेली तार इथल्या तारेला जोडली गेली आणि समुद्राखालच्या तारेनं ती जावाला जाऊन मिळाली. लंडनचा संदेश मुंबईला यायचा, तिथून मद्रास, सिंगापूर, जावा करत डार्विनला, आणि इथून सिडनीला. बो कुटुंबानं वर्तमानपत्रात विलायतेची ताजी बातमी वाचली असेल, तर ती आपल्या मुंबईवरून आणि आपल्या डार्विनवरून गेलेली होती. ही तार ज्या जमिनीत रोवली, ती लाराकिया लोकांची जमीन होती. आणि बीटी ज्या दगडी पायऱ्यांवरून धावते, ती जमीन गॅडिगल लोकांची. रॉक्सच्या त्या उतारालाच त्यांचं नाव होतं, तल्लावोलाडा. १७८८ मध्ये गलबतं आली, १७८९ मध्ये देवीच्या साथीनं बंदराभोवतीची कितीतरी माणसं मेली. अ‍ॅबिगेलसाठी काळाचं दार उघडतं ते त्यानंतर शंभर वर्षंही पुरी व्हायच्या आत, आणि त्या दारापलीकडे ऑर्कनीचे लोक आहेत, खलाशी आहेत, गुंड आहेत, पण गॅडिगल लोकांना या कथेत कामच नाही. समुद्रापलीकडून आलेली देणगी या मातीत रुजते, आणि मातीला स्वतःची काही आठवण असेल हे कुणाच्या मनात येत नाही.

‘१९८० सालच्या पुस्तकाला आजचा न्याय लावता’, असं यावर म्हटलं जातं. मला ते मान्य नाही, कारण हा प्रश्न आजचा नाही. कादंबरी ज्या साली घडते त्याच १८७३ साली, २४ सप्टेंबरला, पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि त्याच साली त्यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं. ‘गुलामगिरी’त जोतीराव काय करतात? दशावतारांच्या गोष्टी, म्हणजे ज्याला आपण अद्भुत म्हणतो ते, हातात घेतात आणि विचारतात की या गोष्टीत जो हरला त्याचं काय झालं. वामनाच्या पायाखाली गेलेला बळीराजा तिथे जमिनीचा मूळ मालक म्हणून उभा राहतो. जोतीरावांच्या त्या इतिहासाचा तपशील पुढच्या संशोधकांनी सगळाच मान्य केलेला नाही. पण आधी इथे कोण होतं, आणि गोष्ट सांगणारा कुणाच्या बाजूचा, हे दोन प्रश्न त्यांनी मराठीत रोखठोक विचारले. ते पुस्तक त्यांनी अमेरिकेत गुलामी नष्ट करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. म्हणजे दूरच्या देशातल्या अन्यायाशी आपला संबंध आहे, हेही त्यांना दिसत होतं. मराठी वाचक म्हणून आपण हे वाचलेलं असताना, रॉक्सच्या पायऱ्यांवर उभं राहून तो प्रश्न गिळून टाकावा असं मला वाटत नाही.

ऑस्ट्रेलियातही १९८० सालापर्यंत तो प्रश्न ऐकू येत होता, आणि तो आपल्या याच गावात मोठ्यानं विचारला गेला होता. १९७२ च्या ऑक्टोबरात राजकन्या मार्गारेट डार्विनला आल्या. लाराकिया लोकांनी आपल्या जमिनीसाठी राणीच्या नावानं एक अर्ज तयार केला होता, त्यावर देशभरातल्या हजाराहून अधिक आदिवासींच्या सह्या आणि अंगठे होते. गव्हर्न्मेंट हाऊसबाहेर तो राजकन्येच्या हाती द्यायला ते गेले. पोलिसांच्या कड्यापाशी झटापट झाली आणि अर्ज फाटला. मग तो तसाच फाटका, चिकटवून, टपालानं राणीकडे पाठवला. १९७९ मध्ये बंदरापलीकडच्या कॉक्स द्वीपकल्पासाठी केन्बी दावा दाखल झाला. त्या जमिनीचे कागद परत मिळायला २०१६ चा जून उजाडावा लागला. तार जोडली गेली त्याला तो अर्ज फाटला तेव्हा शंभर वर्षं झाली होती, आणि ‘बीटी बो’ छापून आली त्याच्या आदल्याच वर्षी हा दावा कागदावर उतरला होता. पार्कबाई संवेदनशील होत्या, गरिबांच्या बाजूच्या होत्या. म्हणूनच ही रिकामी जागा मला जास्त सलते. लेखक निर्ढावलेला असता तर मी पुस्तक मिटून ठेवलं असतं.

ही जागा भरायचा प्रयत्न त्याच काळात दुसऱ्या एका लेखिकेनं केला होता, हे सांगायला हवं. पॅट्रिशिया राइटसन यांनी ‘द नार्गन अँड द स्टार्स’ १९७३ मध्ये लिहिली, पुढे विरुन नावाच्या आदिवासी तरुणाला नायक करून तीन कादंबऱ्या लिहिल्या, आणि १९८६ मध्ये त्यांना हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. त्यांनी युरोपातल्या पऱ्या बाजूला ठेवून इथल्या मातीतले आत्मे गोष्टीत आणले. पण त्या स्वतः गोऱ्या. ज्यांच्या श्रद्धा, त्यांना विचारल्याशिवाय त्या कथेत वापराव्यात का, यावर पुढे बराच वाद झाला आणि आज त्यांची ती पुस्तकं पूर्वीसारखी वाचली जात नाहीत. मला हा वाद आवश्यक वाटतो. तरी राइटसन यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे. २०१८ मध्ये अँबलिन आणि इझिकिएल क्वायमुलिना या पाल्यकू आदिवासी बहीणभावांचं ‘कॅचिंग टेलर क्रो’ आलं. एक मेलेली मुलगी आपल्या पोलीस वडिलांना साथ देते, असं त्याचं सूत्र आहे. घरांतून पळवून नेलेल्या आदिवासी मुलांचं दुःख त्या छोट्या पुस्तकात आहे. ‘बीटी बो’ वाचून झालेल्या मुलाच्या हाती मी लगेच हे पुस्तक देईन. त्याला आधी पहिलं वाचू द्यावं, ते आवडू द्यावं, आणि मग हे द्यावं.

आपल्या डार्विनपुरती एक वेगळीच अडचण आहे. ‘बीटी बो’ची जादू चालते, कारण रॉक्सच्या पायऱ्या अजून जागेवर आहेत. त्या आपोआप राहिल्या नाहीत. तिथे टॉवर उभारायचा बेत होता, तेव्हा १९७१ मध्ये रहिवाशांच्या विनंतीवरून बांधकाम मजुरांच्या संघटनेनं, जॅक मंडी यांच्या पुढाकारानं, तिथे काम करायलाच नकार दिला. त्याला ‘ग्रीन बॅन’ म्हणतात. मजुरांनी रोजगारावर पाणी सोडलं म्हणून त्या गल्ल्या वाचल्या, आणि गल्ल्या वाचल्या म्हणून अ‍ॅबिगेलला धावायला वाट मिळाली. आपल्या गावाचं तसं झालं नाही. १९ फेब्रुवारी १९४२ च्या बॉम्बहल्ल्यांत किमान २३५ माणसं गेली. १९७४ च्या नाताळच्या पहाटे ट्रेसी चक्रीवादळानं बहुतेक घरं जमीनदोस्त केली आणि तीस हजारांहून अधिक लोकांना बाहेर हलवावं लागलं. स्मिथ स्ट्रीटवर १८८३ सालच्या टाउन हॉलच्या उरलेल्या भिंती आपण सगळ्यांनी पाहिल्यात. असं दगडी फार थोडं उरलंय. इथल्या मुलाला भूतकाळात न्यायचं तर गल्ली मिळणार नाही. किनारा मिळेल, खारफुटी मिळेल, आणि लाराकिया वडीलधाऱ्यांच्या आठवणी मिळतील. त्या मागायच्या कशा, हे आधी शिकावं लागेल. डार्विनची ‘बीटी बो’ लिहिली जाईल तेव्हा तिच्यात हा प्रश्न टाळता येणार नाही, इतकं मला दिसतं. आणि ती लिहिण्याचा पहिला हक्क लाराकिया लेखकाचा आहे, असंही मी मानते.

राहता राहिलं प्रेमप्रकरण. अ‍ॅबिगेल चौदाची, बीटीचा भाऊ ज्यूडा अठराचा, शिवाय डव्हीशी त्याचं लग्न ठरलेलं. अ‍ॅबिगेल त्याच्यावर जीव लावते. हे किशोरवयीन प्रेम पार्कबाईंनी हळुवार हाताळलंय, आणि त्यागानं ती मोठी होते हेही पटतं. आईवर रागावलेल्या मुलीला प्रेमातली अगतिकता स्वतः भोगल्यावरच आईची बाजू कळते, हा कादंबरीचा कणा आहे. इथवर मी पार्कबाईंच्या बरोबर आहे. पण शेवटी त्या सगळी टोकं एकमेकांत ओवून टाकतात. काही वर्षांनी अ‍ॅबिगेलला रॉबर्ट नावाचा तरुण भेटतो, तो हुबेहूब ज्यूडासारखा दिसतो. तो शेजारच्या लहानग्या नॅटलीचा मामा निघतो, आणि ते सगळे बो कुटुंबाचेच वंशज निघतात. धडधाकट ज्यूडा समुद्रात बुडाला, आणि ज्याच्या जगण्याची आशा नव्हती त्या गिबीनं वंश चालवला, हे तिला कळतं. गिबीचं हे वळण सुंदर आहे, भाकितावर विसंबून राहणाऱ्या मोठ्यांना दिलेलं ते उत्तर आहे. रॉबर्टचं मात्र मला अजिबात पटत नाही. गमावलेल्या माणसासारखाच दुसरा माणूस बक्षीस म्हणून मिळणार असेल, तर आधीच्या त्यागाला काय अर्थ उरला?

माझी भाची इथेच वाढली. तिनं ही कादंबरी माझ्याबरोबर वाचली. ती याबाबतीत माझ्याशी भांडते. तिचं म्हणणं असं : ‘मावशी, तुला शेवट दुःखी हवाय, कारण तू मोठी आहेस. मला कळलं पाहिजे की ती एकटी राहिली नाही.’ तिच्या वयाच्या वाचकासाठीच पुस्तक लिहिलेलं आहे, तेव्हा तिचं मत माझ्या मताइतकंच वजनदार मानायला हवं. तरी मी तिला विचारलं, की मग बीटीचं काय? तेव्हा तीही थांबली.

कारण बीटी पुढे विदुषी झाली, मुख्याध्यापिका झाली, हे आपल्याला शेवटी ओझरतं कळतं. बस, इतकंच. ज्या मुलीनं लॅटिनसाठी दातओठ खाल्ले, तिचं सगळं आयुष्य लेखिकेनं चार वाक्यांत आटपलं आणि पानं खर्ची घातली ती रॉबर्टच्या चेहऱ्यावर. सिडनी विद्यापीठानं १८८१ मध्ये बायकांना प्रवेश दिला. बीटी तेव्हा एकोणीस वर्षांची असेल. मिठाईवाल्याच्या पोरीनं फीचे पैसे कुठून आणले असतील? वेडाचे झटके येणाऱ्या बापाला कुणावर सोपवून ती वर्गात बसली असेल? प्राध्यापकांनी तिच्या बोलीला नाकं मुरडली असतील का? १८७३ मध्ये आपल्याकडे कल्याणची यमुना आठ वर्षांची होती. पुढच्याच वर्षी तिचं लग्न होऊन ती आनंदीबाई जोशी झाली. १८८३ मध्ये ती नवऱ्याशिवाय बोटीनं अमेरिकेला निघाली आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाली. बीटीपेक्षा ती दोनतीन वर्षांनी लहान. एक पोरगी सिडनीच्या मिठाईच्या दुकानात, दुसरी कल्याणच्या वाड्यात, दोघींना एकाच दशकात एकच गोष्ट हवी होती, आणि दोघींच्या घरातल्या मोठ्यांनी त्यांच्या पुढ्यात काहीतरी वेगळंच वाढून ठेवलं होतं.

आनंदीबाईंचं आपल्याला कळतं, कारण काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र लिहून ठेवलं. बीटी कल्पित आहे, तिच्यासाठी ते काम फक्त रूथ पार्कच करू शकल्या असत्या. पार्कबाई २०१० मध्ये गेल्या. मला बीटीचं १८८१ साल वाचायचं होतं.